लाकडी पुलापलीकडचे मैदान

सोलापुरात पहिले कॉलेज निघाले ते १९४० साली, दयानंद कॉलेज. गावाला आगगाडी आली होती १८६० मध्ये, कापडाची गिरणी सुरू झाली १८७७ मध्ये. म्हणजे सोलापूरकरांनी आधी इंजिनाची शिटी ऐकली, मग गिरणीचा भोंगा ऐकला, आणि कॉलेजची घंटा ऐकायला मात्र त्यांना पुढे बासष्ट-त्रेसष्ट वर्षे थांबावे लागले. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलापुढे दोनच वाटा. एक गावातली: गिरणीच्या कचेरीत कारकुनी, कोर्टात उमेदवारी, नाहीतर शाळामास्तरकी. दुसरी स्टेशनाकडची. वळकटी बांधायची, आईने दिलेला दशम्यांचा डबा घ्यायचा, आणि दीडशे मैलांवरचे पुणे गाठायचे.

मी स्वतः पहिल्या वाटेचा माणूस. मॅट्रिकनंतर खडू हाती घेतला तो आजतागायत सुटला नाही. तेव्हा कॉलेजाविषयी लिहिताना माझ्यापाशी हक्क थोडा आणि कुतूहल फार, हे वाचकांनी आधीच धरून चालावे. पण वर्गात वर्षानुवर्षे मुले पाहिल्यावर एक प्रश्न मनात घर करून बसला. जो पोरगा मधल्या सुटीत सबंध मैदान उधळून लावतो तोच पाढे म्हणताना भिंतीला का टेकतो. आणि ज्याचा पहिला नंबर कधी चुकत नाही त्याला पाण्याची घागर का उचलत नाही? पुस्तक आणि शरीर यांची ही फारकत आपल्याकडे आली कुठून, आणि ती मोडायचा कोणी प्रयत्न केला? त्याचे उत्तर शोधत गेलो तर विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या पुण्याच्या मैदानावर जाऊन पोहोचलो.

त्या मैदानावर जाण्याआधी थोडे मागे जायला हवे. टिळकांची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. १८७२ साली ते मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजात गेले. प्रकृती किरकोळ. त्यांनी ठरवले की यंदाचे वर्ष शरीराचे. कुस्ती, पोहणे, जोर-बैठका आणि त्यावर भरपूर खाणे. पहिल्या वर्षाची परीक्षा हुकली, पण पुढे मंडालेची सहा वर्षे सोसणारा देह त्या वर्षात कमावला गेला. शाळामास्तर म्हणून ही गोष्ट सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. परीक्षा बुडवून तालीम करावी असे मी मुलांना कसे सांगू? आणि न सांगावे तर गोष्टीतला प्राणच जातो.

त्याच कॉलेजातले दुसरे विद्यार्थी आगरकर. त्यांच्यापाशी सदरा एकच. रात्री धुवायचा, सकाळी तोच अंगात घालायचा. टिळकांना घरचा आधार होता म्हणून एक वर्ष शरीरावर खर्च करता आले. आगरकरांना तशी चैन परवडणारी नव्हती, आणि दम्याने त्यांना १८९५ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी नेले. या दोघांच्या वादांवर आपण पुष्कळ लिहिले आहे. दोघांच्या ताटात काय पडत होते यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

सोलापूरहून निघालेल्या मुलाची गत बहुधा आगरकरांच्या जवळची. श्रीमंत घरचे अपवाद असत. वालचंद हिराचंद इथलेच, १८८२ सालचा जन्म. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज या दोन्हीकडे ते शिकले, पदवीपर्यंत मात्र गेले नाहीत. परत येऊन त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले, आणि पुढचा इतिहास जगजाहीर आहे. वालचंदांना पदवी नसली तरी चालत होते. मास्तराच्या किंवा कारकुनाच्या मुलाला ते चालणारे नव्हते. घरच्यांनी दागिना मोडून धाडलेले पैसे पदवीच्या रूपानेच परत यायला हवे होते.

तेव्हा पदवीचा रस्ताही सरळ नव्हता. परीक्षा मुंबई विद्यापीठाची. आधी प्रीव्हियस, मग इंटर, मग बी. ए. कॉलेजात हजर राहून टर्म भरायची, ती भरली नाही तर परीक्षेला बसता यायचे नाही. नापास होणे ही इतकी नित्याची गोष्ट होती की दोन-दोनदा त्याच वर्गात बसलेले पोक्त विद्यार्थी प्रत्येक वर्गात असत. त्यातून प्लेग. १८९७ पासून पुढे कित्येक वर्षे गाठ आली की पेठा ओस पडत, शाळा-कॉलेजे बंद होत, आणि विद्यार्थी पुन्हा वळकटी बांधून गावी परतत.

राहणे आणि जेवणे हा आणखी एक अभ्यासक्रम होता. ज्यांना जमे ते वसतिगृहात राहत आणि तिथल्या क्लबात जेवत. ज्यांना जमत नसे ते पेठेत एखादी खोली चौघांत घेत आणि खाणावळ लावत. त्याखालची पायरी वार लावून जेवण्याची: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्याच्याही खाली माधुकरी. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते अशाच मुलांसाठी, आणि तिथली मुले कित्येक वर्षे माधुकरी मागूनच शिकली. ज्या मुलाचा एक वार रिकामा आहे त्याला तुम्ही पाचशे जोर काढायला सांगून पाहा. व्यायामाचा उपदेश करणाऱ्यांनी आधी त्याच्या वारांचा हिशोब विचारायला हवा होता.

असे असूनही शरीर कमावण्याची एक लाटच त्या काळी उसळली होती, ही नवलाची गोष्ट. यूजीन सँडो हा जगप्रसिद्ध पहिलवान १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. त्याचे डंबेल्स, त्याचे तक्ते, त्याचे फोटो यांचे तरुणांना वेड लागले. आपण बिनबाह्यांच्या बनियनला अजून सँडो म्हणतो तो हाच सँडो! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही आधी कित्येक वर्षे सँडोच्या पद्धतीने मेहनत केली, आणि मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचे. त्यांच्या संस्थानातले आटपाडी आपल्या सांगोल्याला लागूनच. शाळेतल्या पोरापासून दिवाणापर्यंत सर्वांना त्यांनी नमस्कार घालायला लावले.

दुसरीकडे राममूर्ती. छातीवर हत्ती उभा करून घेणारा आणि साखळ्या तोडणारा हा आंध्रातला मल्ल स्वतःला प्रोफेसर म्हणवी. सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हेही प्रोफेसर, बडोद्याच्या जुम्मादादांच्या आखाड्याचे माणिकराव हेही प्रोफेसर. त्या काळी प्रोफेसर दोन प्रकारचे असत, एक शेक्सपिअर शिकवणारे आणि दुसरे हत्ती पेलणारे. सामान्य जनतेचा आदर कोणत्या प्रोफेसरांकडे अधिक होता हे सांगण्याची गरज नाही.

पुण्याची लोकवस्ती तेव्हा मुठेच्या अलीकडे. लाकडी पूल ओलांडला की शेते, बाभळी, आणि माळावर फर्ग्युसन कॉलेज. या पुलाचे नाव लाकडी, प्रत्यक्षात तो दगडाचा; पण पुण्यात एकदा पडलेले नाव दगडापेक्षाही टिकाऊ असते. कॉलेज १८८५ सालचे. १९०२ मध्ये रँग्लर परांजपे त्याचे प्राचार्य झाले. केंब्रिजला १८९९ साली सीनिअर रँग्लर म्हणून पहिला आलेला हा मुर्डीचा मुलगा म्हणजे बुद्धी किती उंच जाऊ शकते याचा चालताबोलता पुरावा. त्यांच्याच कारकीर्दीत, ऑक्टोबर १९०५ मध्ये, विद्यार्थ्यांनी परदेशी कापडाची होळी केली. पुढारी होते विनायक दामोदर सावरकर. कॉलेजने त्यांना १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. ज्या मुलाला घरून महिन्याला पंधरा-वीस रुपये येत त्याच्या दृष्टीने १० रुपये म्हणजे केवढा मोठा दंड, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता गंमत पाहा. परदेशी कापड जाळण्याच्या त्या दिवसांतच पुण्या-मुंबईच्या तरुणांना साहेबाच्या क्रिकेटने झपाटले होते. खेळ विलायती, चेंडू विलायती, बॅट विलायती, पांढरी फ्लॅनेलची विजारही विलायती. पण त्याच खेळात साहेबाला हरवण्याची गोडी स्वदेशी होती! १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले तेव्हा वर्तमानपत्रांनी तो विजय राजकीय विजयासारखा साजरा केला. कॉलेजातल्या मुलाला त्यात नक्की काय भावत असेल? मला वाटते, हिशोबाचा सरळपणा. कचेरीत साहेबाचा शब्द शेवटचा असतो. मैदानावर धावा मोजल्या की त्या मोजल्या, तिथे साहेबालाही वेगळा पाढा नाही.

या पिढीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे दिनकर बळवंत देवधर. पुण्याचेच, १८९२ सालचे. १९११ साली, १९ व्या वर्षी, ते हिंदूंच्या संघातून मुंबईच्या तिरंगी सामन्यांत खेळले. पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, संस्कृतचे प्राध्यापक झाले. सकाळी कालिदास आणि दुपारी कव्हर ड्राइव्ह! १९२६ मध्ये गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या, तेव्हा त्यांचे वय ३४ होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पन्नाशी उलटल्यावर, १९४४ मध्ये, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके ठोकली. १९९३ साली गेले तेव्हा शंभरी ओलांडून गेले. माझ्या प्रश्नाचे हे एक चालतेबोलते उत्तर आहे. पण उत्तर म्हणून ते अपुरे आहे, कारण देवधर पुण्यातल्या शिकलेल्या समाजात जन्मले. फाटकातून आत जाण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी काढावी लागली नाही.

ज्यांना ती काढावी लागली त्यांच्यातले पहिले नाव पाळवणकर बाळू यांचे. १८७६ साली धारवाडला चांभाराच्या घरी जन्म. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टी लोटणे, जाळी लावणे, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. पगार महिना ४ रुपये. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. बाद केले की दर खेपेला आठ आणे बक्षीस, असे सांगतात. अशा रीतीने साहेबाच्याच खर्चाने हिंदुस्थानातला सर्वोत्तम डावखुरा गोलंदाज तयार झाला. मग पुण्याच्या हिंदू मंडळींना प्रश्न पडला. साहेबाला हरवायचे तर बाळू हवा, पण बाळूचा चेंडू शिवायचा कसा? तोडगा निघाला तो असा की चेंडू शिवायचा आणि माणूस वगळायचा. मैदानावर बाळू संघातला. चहाच्या वेळी मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणही वेगळे.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही उत्तम खेळाडू. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र बाळूंना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली विठ्ठलला मिळाले, आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. विठ्ठल पाळवणकरांनी पुढे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीत खेळाडूने लिहिलेले इतके प्रामाणिक पुस्तक थोडेच असेल. ते मिळवून वाचावे.

त्याच काळात मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात एक विद्यार्थी बी. ए. करीत होता. सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्याला होती. वर्गात बसायला जागा होती, पण कॉलेजचा हॉटेलवाला त्याला चहा देत नसे, पाणीही देत नसे. १९१२ साली तो विद्यार्थी बी. ए. झाला, त्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्यांनी पुढे बाळूंचा गौरव केला, आणि १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, ही इतिहासाची वेगळीच चाल.

कॉलेजच्या मैदानाचे फाटक असे होते. ते मोडून पडले नाही, पण १९०६ साली पुण्यात निघालेल्या एका संस्थेमुळे ते थोडे किलकिले झाले. ती संस्था म्हणजे लाकडी पुलापलीकडची डेक्कन जिमखाना. बाळकृष्ण नारायण भाजेकर हे तिचे संस्थापक. साहेबांच्या जिमखान्यात आपल्याला प्रवेश नाही तर आपणच एक काढू, आणि त्यात क्रिकेट-टेनिसबरोबर आपले खेळही ठेवू, अशी कल्पना. ती साधी दिसते, पण तिच्यात मोठा फरक दडलेला होता. खो-खो गावोगाव खेळला जाई. पण सोलापूरचा खो-खो निराळा आणि साताऱ्याचा निराळा. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधून दिले, आणि अंगणातल्या खेळाला कायदा मिळाला. हुतूतूच्या नियमांसाठी साताऱ्यात आणि बडोद्यात अशीच खटपट झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा जन्मही १९१४ चाच. तिथल्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब आणि हुतूतू जगाला दाखवले. हे सगळे घडवणारे लोक बहुतेक कॉलेजातून बाहेर पडलेले होते. त्यांच्या पिढीने मुलांना नुसते ‘खेळा’ म्हटले नाही, तर खेळ मोजायला शिकवले. मैदानाची लांबी, डावाची मिनिटे, पंचाचा अधिकार. शिक्षणाचा खेळाला झालेला हा खरा उपयोग, असे मला वाटते.

या जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटांकडे आले. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव तरुणपणी केंब्रिजला होते. तिथे क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, वल्ही मारणे, सगळे त्यांनी केले, आणि परत आल्यावर मुंबईच्या हायस्कुलांची एक क्रीडासंघटना उभी करून तिचे चिटणीसपद सांभाळले. पुण्याच्या स्पर्धांची हकीकत त्यांनीच १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात सांगून ठेवली आहे. कार्यकारी समितीच्या बैठकीला ते गेले तर काय पाहतात? शंभर यार्डांची शर्यत वळणावरून पळवायचे ठरत होते, आणि धावणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या करणाऱ्या दोऱ्याही लावायच्या नव्हत्या. कारण मैदान लहान, जमीन खाचखळग्यांची, सरळ शंभर यार्ड मिळणेच कठीण. ऑलिंपिकचे नियम म्हणजे काय याची मंडळींना नुसती ऐकीव कल्पना होती.

आणि धावणारे कोण? टाटा लिहितात की ते शेतात राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले शेतकऱ्यांचे मुलगे होते. कॉलेजचे विद्यार्थी नियम करीत होते, घड्याळे धरीत होते, टाळ्या वाजवीत होते. पळणारे पाय फाटकाबाहेरचे होते. लांब पल्ल्याची शर्यत या जिमखान्याचा खास कार्यक्रम होता. खडीच्या पक्क्या रस्त्यावरून ही पोरे अनवाणी पळत. टाटांनी वेळा पाहिल्या आणि ते थक्क झाले. युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी ठेवाव्यात अशा वेळा, त्याही बुटांशिवाय, शिक्षकाशिवाय, दुधातुपाशिवाय. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड बक्षीस-समारंभाला आले असताना टाटांनी त्यांच्याजवळ विषय काढला: या मुलांना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला धाडले तर? लॉइड यांनी विलायतेला लिहिले, परवानगी आली. पुढे पुण्यात निवडीच्या शर्यती झाल्या आणि चार धावपटू व दोन कुस्तीगीर निवडले गेले. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, बंगालचा पूर्मा बॅनर्जी. आणि मल्ल नवले व शिंदे.

मी डोळ्यांपुढे आणतो तो दिवस २२ ऑगस्ट १९२०. तीनच आठवड्यांपूर्वी मुंबईला टिळक गेले होते, सारा महाराष्ट्र सुतकात होता. आणि तिकडे बेल्जममध्ये बेळगावकडचा अठरा-एकोणीस वर्षांचा फडेप्पा ४२.७५ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी रेषेवर उभा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन त्याआधी झाली नव्हती, त्यानंतरही नाही. फिनलंडचा कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, कांस्यपदक एका पायरीवर हुकले. पदक कोणालाच मिळाले नाही, पण एकोणिसावा हा आकडा मी पुनःपुन्हा वाचतो. बोटीचा प्रवास, परके अन्न, परकी हवा, आणि ज्या खेळाचे पुरते नियम वर्षभरापूर्वी आपल्याकडे कोणालाच ठाऊक नव्हते त्यात जगातला एकोणिसावा. कॉलेजच्या मॅगेझिनांतून तेव्हा ‘शारीरिक ऱ्हास’ या विषयावर निबंध लिहिले जात. ऱ्हास शोधायचा तो निबंध लिहिणाऱ्यांत, हे चौगुल्यांच्या पायांनी सांगितले.

महायुद्धाने आणखी एक बदल केला होता. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्सच्या कायद्याने विद्यापीठांच्या लष्करी तुकड्या निघाल्या. खाकी गणवेश, पायांना पट्ट्या, खांद्यावर बंदूक, आणि वहाणा सोडून बूट घालून कवायत. ज्या मुलांच्या आज्यांनी शस्त्रांचा कायदा आला तेव्हाचे सांगितले होते, त्यांच्याच हातात सरकारने बंदूक दिली, तीही अभ्यासक्रमाच्या जोडीने. १९२१ मध्ये गांधींच्या हाकेला ओ देऊन कित्येकांनी कॉलेज सोडले, तेव्हा कवायतही सुटली. व्यायामाचे काम मग संस्थांनी उचलले. १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ निघाले आणि त्याच साली लोणावळ्याला कुवलयानंदांचे कैवल्यधाम.

मुलींचे काय, असा प्रश्न माझ्या वाचक भगिनी विचारतीलच, आणि तो रास्त आहे. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ चे. पण मुलीने कॉलेजात जाणे हेच जिथे धाडस होते, तिथे तिने धावावे कुठे आणि कोणासमोर? पुढचे पाऊल पडायला एक पिढी जावी लागली, आणि ते पुन्हा देवधरांच्याच घरातून पडले. त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. ज्या वडिलांनी स्वतः मैदान सोडले नाही, त्यांनी मुलींना ते नाकारले नाही. घराघरांतून असे वडील असते तर, असे म्हणून मी पुढे जातो.

आमच्या सोलापुरात एव्हाना दयानंद कॉलेज सुरू झाले होते. पुढे १९५३ मध्ये संगमेश्वर आले. गिरणी कामगाराचा मुलगा भोंगा ऐकत उठून गावातल्याच कॉलेजात जाऊ लागला, आणि स्टेशनाकडची वाट ही एकच वाट उरली नाही. अर्थात उंच उडी घ्यायची तर तेव्हाही मुंबई गाठावी लागे. पॉली उम्रीगर सोलापुरात १९२६ साली जन्मले. पण त्यांचे क्रिकेट फुलले ते मुंबईत, विद्यापीठाच्या संघात. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध विद्यापीठांच्या संयुक्त संघाकडून त्यांनी नाबाद शतक काढले, आणि कॉलेजच्या मैदानावरून थेट कसोटी संघाचा दरवाजा उघडला.

पुणे आणि मुंबई सोडून मात्र एक गाव असे होते जिथे पुस्तक आणि आखाडा यांची सोयरीक राजानेच लावून दिली होती. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, आणि त्याच हातांनी १९०७ ते १९१२ या काळात खासबागेचे कुस्तीमैदान बांधले. म्हणजे बोर्डिंगात जेवून राजाराम कॉलेजात शिकायचे, आणि संध्याकाळी तांबड्या मातीत उतरायचे. शेतकऱ्याच्या पोराला एकाच गावात दोन्ही फाटके उघडी, असे दुसरीकडे मला दिसले नाही.

त्या पेरणीचे पीक यायला चाळीस वर्षे लागली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. जाधवांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना स्टेशनावरून घ्यायला आली होती. मिरवणूक संपल्यावर जाधवांनी कुस्त्या लावल्या, आणि त्यांतून मिळालेल्या पैशांनी आधी प्राचार्यांचे घर सोडवले.